गुडघ्याचं ‘वंगण’ आणि अजून न सापडलेलं औषध

माझी मावशी सांगलीला असते, वय ६८. गेल्या दिवाळीत आली तेव्हा फराळाच्या डब्यांबरोबर पिशवीत गुडघ्याचा एक्स-रेही होता. मी फार्मसी कॉलेजात शिकवते, म्हणजे मला एक्स-रे वाचता येतो अशी तिची पक्की समजूत. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून म्हणाली, “हे बघ, डॉक्टर म्हणाले गॅप गेलाय. वंगण संपलंय. मग वंगण वाढवायची गोळी द्या म्हटलं, तर म्हणाले तशी नसते. खरंच नाही का गं?”

खरंच नाही. दुखणं तात्पुरतं कमी करणाऱ्या गोळ्या, मलमं, इंजेक्शनं भरपूर आहेत. पण सांध्याची झीज थांबवेल किंवा झिजलेलं भरून काढेल असं एकही औषध अमेरिकेच्या किंवा युरोपच्या औषध नियामकांनी आजवर मंजूर केलेलं नाही. आणि आजार काही दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे ५२.८ कोटी लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची ही झीज, होती. भारतातल्या रुग्णांचा अंदाज १९९० ते २०१९ या काळात सुमारे २.३ कोटींवरून ६.२ कोटींवर गेला. एवढं गिऱ्हाईक दारात उभं असताना औषध कंपन्या हातावर हात ठेवून बसल्या असतील का? त्यांनी पैसा ओतला, आणि तो बहुतेक वेळा पाण्यात गेला. कसा गेला ते पाहिलं की हा आजार जास्त चांगला कळतो. मला तरी तो पाठ्यपुस्तकांपेक्षा फसलेल्या औषधांनीच जास्त शिकवला.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे सांधा दुखला की सरसकट ‘संधिवात’. त्यात निदान दोन अगदी वेगळे आजार एकत्र होतात. एक आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, आणि त्यावर गेल्या पंचवीसेक वर्षांत फार चांगली औषधं आली. दुसरा हा, वयाबरोबर, वजनाबरोबर, जुन्या दुखापतीमागून येणारा, ज्याला आपण ‘झीज’ म्हणतो. पहिल्यावरची औषधं दुसऱ्यावर चालत नाहीत. ‘माझ्या नणंदेला इंजेक्शननं फरक पडला, मला का नाही’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथंच असतं.

नळीच्या टोकावरचं पांढरं

सांध्यात झिजते ती कूर्चा. मटण खाणाऱ्यांनी ती पाहिलेली असते. नळीच्या टोकाला पांढरं, निळसर झाक असलेलं, गुळगुळीत टोपण असतं. नखानं दाबलं तर किंचित दबतं आणि परत वर येतं. तीच ती. माणसाच्या गुडघ्यात हा थर दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि आयुष्यभर पायऱ्या, चिखल, एसटीच्या रांगा, सगळं सोसतो.

ती बनलेली आहे मुख्यतः पाण्याची. कोलॅजन नावाच्या चिवट धाग्यांचं जाळं, आणि त्या जाळ्यात अडकवून ठेवलेले अ‍ॅग्रिकन नावाचे मोठाले रेणू, जे पाणी धरून ठेवतात. दाब पडला की पाणी जरा बाहेर येतं, दाब गेला की आत जातं. भिजलेला स्पंज पोत्यात गच्च शिवून ठेवावा तसं. या सगळ्याची देखभाल करणाऱ्या पेशी फारच थोड्या, आकारमानाच्या जेमतेम काही टक्के. शिवाय कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. हाताला कापलं तर रक्त येतं, खपली धरते, जखम भरते. इथं रक्तच नाही, तर भरून कोण काढणार? गोळी घेतली तरी औषधाला रक्तातून सांध्याच्या पाण्यात आणि तिथून झिरपत कूर्चेत जावं लागतं.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक सुंदर युक्ती वापरली. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे जगाच्या हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि नंतर तो ओसरत गेला. शरीरातला एखादा धागा कोणत्या साली विणला गेला ते त्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. त्यांनी माणसांच्या गुडघ्यांतलं कोलॅजन तपासलं. निघालं काय, तर ते लहानपणी आणि पौगंडावस्थेत विणलेलं होतं, त्यानंतर जवळपास नवं काही नाही. मावशीच्या गुडघ्यातलं जाळं ती शाळेत होती तेव्हाचं आहे. ‘कूर्चा पुन्हा उगवते’ असं सांगणारी जाहिरात दिसली की मला हा कार्बन आठवतो.

आता दुसरी गोष्ट, आणि पुढचा सगळा गोंधळ हिच्यातून निघतो. कूर्चेत मज्जातंतूही नाहीत. म्हणजे कूर्चा स्वतः दुखूच शकत नाही. दुखतं ते सांध्याचं आतलं अस्तर, खालचं हाड, भोवतालचे बंध, आणि कालांतराने ती वेदना मेंदूकडे नेणाऱ्या वाटाच जास्त हळव्या होतात. एक्स-रेमध्ये तर कूर्चा दिसतसुद्धा नाही. दोन हाडांमधली जी काळी फट दिसते, तिच्या रुंदीवरून कूर्चा किती उरली असेल याचा अंदाज बांधायचा. मावशीचा ‘गॅप’ तो हाच. म्हणून फट जवळजवळ मिटलेला माणूस आरामात देवाची पायरी चढताना दिसतो, आणि बऱ्यापैकी फट असलेला रात्री कळांनी जागा राहतो.

तेव्हा औषध कशावर करायचं? फटीवर की दुखण्यावर?

कात्री अडवली, पण…

झिजणाऱ्या सांध्यात अ‍ॅग्रिकन आपोआप घासून जात नाही. ते कापलं जातं, आणि कापणाऱ्या कात्र्या कूर्चेतल्या पेशीच तयार करतात. ‘यंत्र घासलं’ ही कल्पना इथं अपुरी पडते. सांधा जिवंत आहे, तो दाबाला, सुजेला, वयाला उत्तर देत असतो, आणि ते उत्तर देताना स्वतःचंच नुकसान करून घेतो.

मग कात्रीच अडवावी. पहिला प्रयत्न झाला कोलॅजन कापणाऱ्या विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर. अशा एका औषधाची ४०१ रुग्णांवरची चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. गुडघ्याला फायदा दिसला नाहीच, वर लोकांचे खांदे आखडले, हाताच्या शिरा ताठरल्या. या विकरांची शरीरात इतर ठिकाणीही कामं असतात, ती बंद पडली की दुसरीकडे गाठी बसतात.

२००५ मध्ये मात्र खरी आशा दिसली होती. अ‍ॅग्रिकन कापणाऱ्या कात्र्यांपैकी अ‍ॅडॅम्ट्स-५ ही मुख्य आहे, आणि ती जनुकातूनच काढून टाकलेल्या उंदरांचे गुडघे दुखापतीनंतर किंवा सूज आणल्यावरही शाबूत राहतात, असं दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी दाखवलं. औषध संशोधनात एवढं स्वच्छ लक्ष्य क्वचित मिळतं. बेल्जियमची गॅलापागोस आणि फ्रान्सची सर्व्हिए या कंपन्यांनी ही कात्री रोखणारी गोळी तयार केली. ९३२ रुग्ण, एक वर्ष, एमआरआयवर कूर्चेची जाडी मोजायची. ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल आला: खोट्या (औषध नसलेल्या) गोळीच्या आणि खऱ्या गोळीच्या गटांत दखल घ्यावी असा फरक नाही.

उंदीर वाचले, माणसं का नाहीत? उंदराचा गुडघा प्रयोगशाळेत शस्त्रक्रिया करून बिघडवलेला असतो. तरुण उंदीर, एका दिवशी एक दुखापत, काही आठवड्यांत आजार. माणसाचा गुडघा वीस-तीस वर्षं हळूहळू बिघडतो, आणि चाचणीत येणारा माणूस त्या वाटेवर कितीतरी पुढे आलेला असतो. घर जळून गेल्यावर काडेपेटी लपवण्यातला प्रकार. शिवाय उंदराला विचारता येत नाही, जिना चढताना कसं वाटतं?

कूर्चा वाढली, दुखणं तसंच

जे आहे ते वाचवण्याऐवजी नवं वाढवलं तर? जर्मनीच्या मर्क कंपनीचं स्प्रिफरमिन हे इंजेक्शन त्यासाठी होतं. शरीरातल्याच एका वाढ-घटकाची प्रयोगशाळेत बनवलेली प्रत, थेट गुडघ्यात द्यायची. ५४९ रुग्णांवरच्या चाचणीचे दोन वर्षांचे निकाल २०१९ मध्ये आले. जास्त मात्रा घेणाऱ्यांची कूर्चा खरोखर जाड झाली. मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांच्या तुलनेत फरक ०.०५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी. पण ज्या आजारात फट एका दिशेनंच जाते, तिथं ती उलट्या दिशेला वळली, ही लहान बातमी नव्हती.

आणि दुखणं? दोन वर्षांनी सगळ्याच गटांचं बरंच कमी झालं होतं. मिठाचं पाणी टोचून घेतलेल्यांचंसुद्धा, तेवढंच. औषध घेतलेल्यांना जास्त आराम नाही.

मावशीला हे सांगितलं तेव्हा तिनं पटकन विचारलं, “मग फोटोत सुधारलं म्हणून मी पैसे द्यायचे का?” अमेरिकेच्या नियामकानं २०१८ मध्ये काढलेल्या मसुद्याचा आशय फार वेगळा नाही. ऑस्टिओआर्थ्रायटिस गंभीर आजार ठरू शकतो हे त्यांनी मान्य केलं, ही कंपन्यांना मोठी मदत होती. पण नुसती कूर्चेची जाडी दाखवून भागणार नाही. त्यामुळे पुढे माणसाला कमी दुखतं, तो जास्त हिंडतो-फिरतो, निदान सांधा बदलायची वेळ लांबते, असा दुवा दाखवा, अशी त्यांची भूमिका. तो दुवा दाखवायचा तर हजारो लोकांवर पाच-दहा वर्षं लक्ष ठेवावं लागेल. फट वर्षाला साधारण एक दशांश मिलिमीटरनं कमी होते. पेटंटची वीस वर्षं त्याहून जोरात पळतात.

दुखणं गेलं, सांधा गेला

आता उलट्या बाजूची गोष्ट. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात मोठी चुटपुट हीच.

रिटा लेव्ही-मोंताल्चिनी ही इटलीची ज्यू शास्त्रज्ञ. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी विद्यापीठाचं दार बंद झालं, तेव्हा तिनं तुरिनच्या घरी झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या गर्भांवर मज्जातंतूंची वाढ पाहत राहिली. पुढे अमेरिकेत तिनं नर्व्ह ग्रोथ फॅक्टर शोधला, मज्जातंतूंना वाढवणारा, जगवणारा घटक. १९८६ चं नोबेल तिला आणि स्टॅन्ली कोहेनला मिळालं. मोठेपणी या घटकाचं काम बदलतं. सूज आलेल्या जागी तो साठतो आणि तिथले वेदनेचे तंतू हळवे करतो.

फायझरनं त्याला पकडून ठेवणारी प्रतिपिंडं विकसित केली, टॅनेझुमॅब. २०१० मध्ये गुडघ्याच्या ४५० रुग्णांवरचे निकाल आले. चालताना होणारं दुखणं औषधाच्या गटात ४५ ते ६२ टक्के कमी झालं, खोट्या औषधाच्या गटात २२ टक्के. वेदनाशामकांच्या जगात असा फरक दिसत नाही. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या नियामकानं चाचण्या थांबवल्या. काही रुग्णांचे सांधे झपाट्यानं, महिन्यांत, कोसळत होते, थेट बदलायची वेळ येत होती. आणि फक्त आजारी गुडघाच नाही, आधी तक्रार नसलेले सांधेसुद्धा.

का? सरळ उत्तर असं की दुखेना म्हणून लोक जास्त चालले, आणि बिघडलेल्या सांध्यावर जास्त भार पडला. वेदना ही राखणदार असते. जन्मतःच वेदना न कळणारी मुलं असतात, या घटकाच्या वाटेतलंच एक जनुक त्यांच्यात बिघडलेलं असतं, आणि त्यांचे सांधे लहानपणीच उद्ध्वस्त होतात. पण हे उत्तर पुरेसं नाही. तक्रार नसलेला सांधा का जावा? हाडाच्या दुरुस्तीतही या घटकाचा हात असावा, हा दुसरा तर्क. इतर वेदनाशामक गोळ्या सोबत घेणाऱ्यांत धोका जास्त दिसला, म्हणून त्या बंद करून, मात्रा कमी करून पुढे पुन्हा चाचण्या झाल्या, या वेळी एली लिली कंपनी भागीदार. मात्रा उतरली तसा फायदाही उतरला. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या नियामकाच्या सल्लागार समितीनं १९ विरुद्ध १ मतांनी नकार दिला, आणि ऑक्टोबरमध्ये कंपन्यांनी काम थांबवलं.

याला एक शेपूट आहे. माझी मावसबहीण, म्हणजे मावशीची लेक, इंग्लंडमध्ये असते आणि तिच्या म्हाताऱ्या लॅब्रडॉरला दर महिन्याला सांध्यांसाठी एक इंजेक्शन मिळतं. ते याच घराण्यातलं, कुत्र्यांसाठी बनवलेलं. मांजरांसाठीही एक आहे. व्हिडिओ कॉलवर हे कळलं तेव्हा मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला. “ब्रूनोला मिळतं आणि मला नाही?” कुत्र्याचं आयुष्य बारा-तेरा वर्षांचं, त्यातली शेवटची दोन बरी जावीत एवढीच अपेक्षा, तिथं धोक्याचा हिशेब वेगळा बसतो. तिथंही सगळं आलबेल नाही म्हणा. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या नियामकानं पशुवैद्यांना पत्र लिहून कुत्र्यांच्या इंजेक्शनच्या दुष्परिणामांबद्दल सावध केलं.

मिठाच्या पाण्याचा पराक्रम

‘मिठाचं पाणी टोचून घेतलेल्यांनाही बरं वाटलं’ हे वर घाईत येऊन गेलं. जरा थांबू, कारण नवं औषध मंजूर करून घेऊ पाहणाऱ्याचा खरा प्रतिस्पर्धी दुसरी कंपनी नसून हे मिठाचं पाणी आहे.

अमेरिकेत सरकारी पैशानं ग्लुकोसामिन आणि काँड्रॉइटिनची मोठी चाचणी झाली, २००६ मध्ये निकाल. १,५८३ रुग्ण. दुखणं ठरावीक प्रमाणात कमी झालेल्यांची टक्केवारी: सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या गटात ७०.१. आणि ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांच्यात ६०.१! या दोन आकड्यांच्या दहा टक्क्यांच्या खिंडीत नव्या औषधाला आपलं घर बांधायचं असतं. ग्लुकोसामिनला एकूण रुग्णांमध्ये ती खिंडही ओलांडता आली नाही. आपल्याकडे ‘वंगणाचं इंजेक्शन’ म्हणून जे गुडघ्यात देतात, त्या हायल्युरोनिक आम्लावरच्या १६९ चाचण्या एकत्र करून २०२२ मध्ये पाहिलं गेलं. मिठाच्या पाण्याहून थोडा फरक, पण रुग्णाला जाणवेल एवढा नाही.

याला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावू नये. हा आजार लाटेसारखा चढतो-उतरतो. माणूस चाचणीत नाव घालतो ते लाट वर असताना, मग ती आपसूक खाली येतेच. त्यात दर महिन्याला कुणीतरी विचारपूस करतं, नीट ऐकून घेतं. सुई टोचली की भरवसा आणखी वाढतो.

आणि मोजमाप तरी कशानं? कॅनडातल्या दोन विद्यापीठांनी तयार केलेली वोमॅक नावाची २४ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. पाच प्रश्न दुखण्याचे, दोन आखडण्याचे, सतरा रोजच्या हालचालींचे. त्यातला एक बाथटबमध्ये उतरण्या-चढण्याचा आहे. मोरीत बादली-तांब्या घेऊन आंघोळ करणाऱ्याला हा प्रश्न विचारून काय कळणार? पुण्यातल्या सेंटर फॉर रुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटानं म्हणूनच भारतीय सवयींना धरून या प्रश्नावलीची आवृत्ती केली. पक्षी बघणाऱ्यांना भिगवण फ्लेमिंगोंसाठी माहीत असतं. सांध्यांच्या डॉक्टरांना ते १९९६ पासून याच चोप्रांच्या पाहणीमुळे माहीत आहे. गावातल्या चार हजारांवर प्रौढांना घरोघरी जाऊन, काय दुखतं, कुठं दुखतं असं विचारत केलेली ती पाहणी.

त्याच गटानं आयुर्वेदिक औषधांची ४४० रुग्णांवर २४ आठवड्यांची चाचणी केली, २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सुंठ, गुळवेल वगैरेंची मिश्रणं एका बाजूला, ग्लुकोसामिन आणि सेलेकॉक्सिब दुसऱ्या बाजूला. सगळी साधारण सारखीच ठरली. काही जणांच्या रक्तात यकृताचं एक विकर वाढलेलं आढळलं, त्यांचं औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झालं. ‘आयुर्वेदिक आहे, त्याला काय दुष्परिणाम’ म्हणणाऱ्यांसाठी हे वाक्य मी मुद्दाम लिहितेय. खोट्या औषधाचा गट मात्र या चाचणीत नव्हता, आणि वरचा ६०.१ टक्क्यांचा आकडा वाचल्यावर तो असायला हवा होता असं वाटून जातं.

मागच्या दारानं आलेली

पुढच्या दारानं आलेले बहुतेक परत गेले. म्हाताऱ्या पेशी सांध्यातून साफ करू पाहणारं युनिटी कंपनीचं इंजेक्शन २०२० मध्ये फसलं. दक्षिण कोरियात तर २०१७ मध्ये इन्व्होसा नावाचं पेशी-उपचार इंजेक्शन मंजूर होऊन विकायलाही लागलं, आणि २०१९ मध्ये उघडकीला आलं की त्यातल्या काही पेशी सांगितल्याप्रमाणे कूर्चेच्या नव्हत्याच, मूत्रपिंडापासून तयार केलेल्या होत्या. परवाना रद्द झाला. अशा बातम्या वाचूनही आपल्याकडे ‘स्टेम सेल’च्या पाट्यांसमोर रांगा लागतात, ते वेगळंच.

गंमत अशी की जरा आशा वाटावी असे अलीकडचे निकाल भलत्याच आजारांच्या औषधांकडून आलेत. २०२४ मध्ये सेमाग्लुटाइडची ४०७ लोकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. हे मधुमेहाचं, मग वजन कमी करण्याचं औषध. रुग्ण लठ्ठ, गुडघे दुखणारे, ६८ आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन. वजन १३.७ टक्के घटलं, खोट्या इंजेक्शनच्या गटात ३.२. दुखणं शंभरच्या पट्टीवर ४१.७ गुणांनी उतरलं, दुसऱ्या गटात २७.५. (पुन्हा तेच, औषध न देता २७.५!) पावलागणिक गुडघ्यावरचा भार पाहिला तर एक किलो वजन घटलं की सुमारे चार किलोंनी तो कमी होतो, म्हणजे यात नवल नाही असं म्हणता येईल. पण चरबी नुसतं ओझं नसते, सूज वाढवणारी रसायनंही ती सोडत असते. बोटांना काही शरीराचा भार नसतो, तरी जाड माणसांच्या बोटांचे सांधे जास्त बिघडतात. तेव्हा फायदा वजनाचा किती आणि औषधाचा स्वतःचा किती, हा वाद अजून चालू आहे. कूर्चा वाचली का, हे या चाचणीनं सांगितलं नाही. आणि किरकोळ अंगाच्या माझ्या मावशीसाठी ते औषध नाहीच.

मेटफॉर्मिन तर त्याहून साधं, जवळजवळ प्रत्येक मधुमेही घरात असलेलं. मेलबर्नच्या संशोधकांनी मधुमेह नसलेल्या, वजन जास्त असलेल्या १०७ जणांना ते सहा महिने दिलं आणि दुखणं खोट्या गोळीपेक्षा जास्त कमी झाल्याचं २०२५ मध्ये सांगितलं. चाचणी लहान आहे, एवढ्यावर कुणी स्वतःच गोळी सुरू करू नये. हृदयविकाराच्या दहा हजार रुग्णांना सूज रोखणारं कॅनाकिन्युमॅब दिलं होतं, त्यांच्यात गुडघे-खुबे बदलायचं प्रमाण चाळीसेक टक्क्यांनी कमी निघालं. गुडघ्यासाठी कुणी ती चाचणी केलीच नव्हती. सूज वाढवणारा जो रेणू ते अडवतं, त्याच्या वाटेवरची दुसरी औषधं मुद्दाम गुडघ्याच्या रुग्णांवर करून पाहिली तेव्हा मात्र फसली होती.

मला वाटतं ऑस्टिओआर्थ्रायटिस हा एकच आजार धरला, ही मूळची चूक आहे. विशीत फुटबॉल खेळताना बंध तुटलेला माणूस, नव्वद किलोंची चाळिशीतली बाई, आईकडून बोटांच्या गाठी घेऊन आलेली आजी, सगळ्यांना एकाच चाचणीत घालून सरासरी काढायची, आणि मग औषध चालत नाही म्हणायचं. एका गटाचा फायदा दुसऱ्याच्या सरासरीत बुडतो. २०२५ मध्ये सुमारे १९.६ लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आजाराशी जोडलेल्या ९६२ खुणा आणि त्यांच्यामागची ७०० जनुकं मिळाली. त्यांपैकी सुमारे दहा टक्के जनुकांवर काम करणारी औषधं आजच बाजारात आहेत, दुसऱ्याच कुठल्या आजारांसाठी. मागचं दार म्हणतात ते हेच, फक्त आता त्याच्यावर पत्ता लिहिलेला असेल.

मावशी परवा परत आली. तिच्या डॉक्टरांनी दिलेला मांडीच्या स्नायूंचा व्यायाम ती रोज करते, गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून, दहापर्यंत मोजत. एक्स-रेचं पाकीट आताही पिशवीत होतं, त्याच्यावर दुधाचा हिशेब लिहिलेला. मी गंमत म्हणून वोमॅकचा कागद काढला आणि पहिल्या काही प्रश्नांतला एक विचारला. जिना चढता-उतरताना किती दुखतं? अजिबात नाही, थोडं, मध्यम, खूप, अतिशय?

चष्मा पुसत ती म्हणाली, “कुठल्या दिवसाचं लिहू? आज काही नाही बघ. काल संकष्टीला पाटावर बसले होते, कालचं विचारशील तर खूप. आणि तू आलीस की तसंही जरा कमीच वाटतं.”